दुसऱ्या कंपनीच्या फास्ट चार्जरवर आपली गाडी: गोव्यातील आणि घाटापलीकडील चार्जिंग

डिचोलीकर
नमस्कार मंडळी. आमच्या घरी नुकतीच ४५ युनिट क्षमतेच्या बॅटरीची इलेक्ट्रिक एसयूव्ही आली आहे. गाडीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रश्न सगळ्याच गाड्यांना लागू होणारा आहे. डिचोली ते पणजी हा रोजचा प्रवास घरच्या चार्जिंगवर सहज निभावतो. मात्र सासुरवाडी कोल्हापूरला असल्यामुळे साखळी, केरी, चोर्ला घाट, जांबोटी, बेळगाव या वाटेने आमचे जाणे-येणे असते, आणि तेथे बाहेरच्या फास्ट चार्जरशिवाय गत्यंतर नाही.

गाडी ताब्यात देताना विक्रेत्याने बजावले की शक्यतो आमच्याच कंपनीच्या यादीतील स्टेशनवर चार्ज करा. दुसरीकडे लावल्यास बॅटरीला काही झाले तर वॉरंटीचा प्रश्न येऊ शकतो. ही सूचना किती मनावर घ्यावी? दुसरे असे की, एका डीलरच्या आवारातील चार्जर ॲपवर सर्वांसाठी खुला दिसत असूनही रखवालदाराने आम्हाला दारातूनच परत पाठवले, कारण आमची गाडी त्या कंपनीची नव्हती. त्याला तसा अधिकार आहे का, हेही कोणी सांगावे.

वेर्णा_विद्युत
डिचोलीकर, मी वेर्णा औद्योगिक वसाहतीत विद्युत देखभालीचे काम करतो आणि चार्जर बसवणाऱ्यांशी माझा नेहमीचा संबंध येतो. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देतो, कारण 'दुसऱ्या कंपनीचा चार्जर' असे आपण म्हणतो तेव्हा त्या एका खोक्यामागे बहुधा तीन वेगळ्या कंपन्या असतात. खोके तयार करणारी एक (डेल्टा, एबीबी, एक्सिकॉम यांसारखी), ते चालवून पैसे घेणारी दुसरी, म्हणजे चार्जरची 'चालक' कंपनी (टाटा पॉवर, स्टॅटिक, चार्जझोन, जिओ-बीपी वगैरे), आणि ज्याच्या जागेत ते उभे आहे तो हॉटेलवाला, पेट्रोल पंपवाला किंवा गाड्यांचा डीलर हा तिसरा. आपल्या गाडीच्या कंपनीचे नाव ज्या स्टेशनवर झळकते, तेथील यंत्र त्या कंपनीने बनवलेले असेलच असे नाही. तेव्हा 'आपले' आणि 'परके' हा भेद फलकावर जेवढा ठळक दिसतो, तेवढा यंत्रात नसतो.

आता विजेच्या व्यवहाराकडे येतो. भारतात सध्या विकल्या जाणाऱ्या ज्या मोटारींना डीसी फास्ट चार्जिंगची सोय आहे, त्या जवळजवळ सर्व सीसीएस-२ या एकाच प्रकारच्या गनवर (चार्जरच्या केबलच्या टोकाला असलेल्या प्लगवर) चालतात. टाटा, महिंद्र, एमजी, ह्युंदाई, बीवायडी यांत त्या बाबतीत फरक नाही. गन गाडीत बसली की प्रथम एका पिनवरून 'जोडणी पक्की आहे' एवढाच संकेत जातो, आणि मग दुसऱ्या पिनवरून गाडी आणि चार्जर यांचे डिजिटल बोलणे सुरू होते. आपल्याला जास्तीत जास्त किती व्होल्टेज आणि किती करंट चालेल हे गाडी त्यात सांगते. त्यानंतर गाडी गनला आतून कुलूप लावते, चार्जर केबलचे इन्सुलेशन तपासतो, आपले व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजच्या जवळ आणून ठेवतो, आणि तेव्हाच गाडीतले कॉन्टॅक्टर (प्रवाह जोडणारे-तोडणारे मोठे स्विच) जोडले जाऊन प्रवाह सुरू होतो. आपण ऐकतो तो 'खट्' असा आवाज बहुधा त्याच कॉन्टॅक्टरचा असतो. पुढे सगळा वेळ गाडीची बॅटरी व्यवस्थापन यंत्रणा 'आता इतके अँपिअर दे' अशी मागणी करत राहते आणि चार्जर तेवढेच किंवा त्याहून कमी देतो. चार्जरने आपल्या मर्जीने गाडीत वीज ढकलली आणि बॅटरी खराब झाली, असे या रचनेत होत नाही. मागणीपेक्षा जास्त प्रवाह येऊ लागला तर गाडी कॉन्टॅक्टर उघडून मोकळी होते.

वॉरंटीविषयी माझे स्पष्ट मत असे की विक्रेत्याच्या तोंडी सूचनेपेक्षा वॉरंटीच्या पुस्तिकेतील मजकूर पाहावा, आणि त्यात चार्जरच्या मानकांविषयी काय लिहिले आहे आणि कोण्या एका नेटवर्कचे बंधन घातले आहे का, हे दोन्ही तपासावे. बंधन छापलेले नसेल तर विक्रेत्याला ते लेखी मागावे. बहुतेक वेळा विषय तेथेच मिटतो.

पेडणेवाला
वेर्णा साहेबांनी गाडी आणि खोक्याचे बोलणे उत्तम समजावले. पण आमचा अनुभव असा की त्या दोघांचे पटते. अडते ते माणसाचे आणि ॲपचे. पेडण्याला माझा रेंट-अ-कॅबचा व्यवसाय आहे आणि त्यात काही गाड्या इलेक्ट्रिक आहेत. मोपा विमानतळावर गाडी घेणारा पाहुणा संध्याकाळी दक्षिण गोव्यातून फोन करतो की चार्जर समोर आहे, गन लावली आहे, पण ॲप ओटीपी मागत आहे आणि मोबाइलला रेंज नाही. यात चार्जर कोणत्या कंपनीचा हा प्रश्न गौण असतो. प्रत्येक चार्जर-चालकाचे ॲप निराळे, वॉलेट निराळे आणि त्यात भरायची किमान रक्कमही निराळी, हीच खरी डोकेदुखी आहे. एका गाडीपायी चार-पाच वॉलेटमध्ये थोडे थोडे पैसे अडकून पडतात.

मी आता ग्राहकाला गाडी देतानाच सांगतो की प्रवासाच्या वाटेवरील चालकांची ॲप्स घरच्या वायफायवर उतरवून, नोंदणी करून, थोडे पैसे भरून ठेवा. चार्जरसमोर उभे राहून हे करू नका. काही चालक आरएफआयडी कार्ड (चार्जरला टेकवून ओळख पटवण्याचे) देतात, ते जरूर घ्यावे. काही ठिकाणी थेट क्यूआर कोडवर यूपीआयने पैसे देता येतात, तेथे तर कशाचीच अडचण नाही.

वेर्णा_विद्युत
पेडणेवाला, त्यात एक भर घालतो. ज्याप्रमाणे आपल्या मोबाइलला नेटवर्क लागते, त्याप्रमाणे चार्जरमध्येही सिमकार्ड असते आणि तो त्याच्या सर्व्हरशी बोलल्याशिवाय बहुधा सुरू होत नाही. करमल घाटाच्या किंवा मोलेच्या जंगलाच्या बाजूला दोन्ही बाजूंचे नेटवर्क एकदम गेले तर ॲप निरुपयोगी ठरते. आरएफआयडी कार्डाचा फायदा येथे होऊ शकतो, कारण चार्जर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याच्या ओसीपीपी या नियमावलीत मान्य कार्डांची यादी चार्जरमध्येच साठवून ठेवण्याची सोय आहे. चालकाने ती सोय वापरली असेल तर कार्ड ऑफलाइनही चालते.

माशेलची_सून
डिचोलीकर दादा, तुमच्या रखवालदाराच्या प्रश्नाविषयी लिहिते. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत सार्वजनिक चार्जिंग स्टेशन आणि खासगी वापराचे स्टेशन असा भेद केलेला आहे. सार्वजनिक म्हणजे जेथे कोणत्याही इलेक्ट्रिक वाहनाची बॅटरी चार्ज करता येते ते. स्वतःच्या ताब्यातील गाड्यांपुरते असेल ते निराळे. त्यामुळे ॲपवर सर्वांसाठी खुले असे दाखवून दारात मात्र 'आमच्याच गाड्या' असे म्हणणे विसंगत आहे. तरीही रखवालदाराशी वाद घालण्यात अर्थ नसतो. त्याला कोणी काही सांगितलेलेच नसते. चार्जरवर त्याचा ओळख क्रमांक आणि मदतकेंद्राचा फोन छापलेला असतो. तेथे फोन करून, क्रमांक सांगून, फोन रखवालदाराच्या हाती दिला की बहुतेक वेळा दार उघडते. दुसरी गोष्ट अशी की डीलरच्या आवारातील चार्जर ॲपवर चोवीस तास दिसला तरी फाटक रात्री बंद होते. मी शिक्षिका आहे, मडगावहून परतायला कधी उशीर होतो. अंधार पडल्यावर मी डीलरच्या आवारापेक्षा पेट्रोल पंपावरचा किंवा हॉटेलचा चार्जरच पसंत करते. तेथे उजेड असतो, माणसे असतात आणि स्वच्छतागृह असते. स्टेशन कोणत्या कंपनीचे हे मी त्यानंतर पाहते.

सध्या_परदेशी
मी मूळचा फोंड्याचा, सध्या कॅलिफोर्नियात असतो. येथे हा विषय निराळ्याच कारणाने गाजला, आणि त्याचे व्हिडिओ पाहून गोव्यातील माझे नातेवाईक मला 'ॲडॉप्टर पाठव' म्हणून सांगत आहेत, म्हणून लिहितो. अमेरिकेत टेस्लाची गन आणि इतरांची सीसीएस-१ गन यांचा आकारच निराळा होता. मे २०२३ मध्ये फोर्डने आणि पुढच्याच महिन्यात जनरल मोटर्सने टेस्लाची गन स्वीकारण्याचे जाहीर केले, आणि तोपर्यंतच्या गाड्यांसाठी ॲडॉप्टर आले. युरोपात ती अडचण नव्हती, कारण तेथे टेस्लाही सीसीएस-२ वापरते. म्हणून नोव्हेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्समध्ये सुपरचार्जर इतरांसाठी खुले करताना मुख्यतः सॉफ्टवेअरची परवानगी द्यायची होती. भारत या बाबतीत युरोपसारखा आहे. तेव्हा येथून मागवलेला ॲडॉप्टर तुमच्या गाडीला बसणारही नाही, आणि ऑनलाइन मिळणाऱ्या कोणत्याही अनोळखी डीसी ॲडॉप्टरमधून दोनशे अँपिअर नेण्याचा विचार तर मनातही आणू नये.

जुना_खाणवाला
सगळे मान्य. तरीही मी माझ्या गाडीच्या कंपनीच्या यादीतीलच स्टेशन धरतो. कारण वॉरंटी नव्हे. काही बिनसले तर तक्रार एकाच दारात नेता येते, आणि काही कंपन्या आपल्या ग्राहकांना दरात सवलत देतात. परक्या ठिकाणी चार्जरवाला गाडीकडे बोट दाखवतो, गाडीवाला चार्जरकडे, आणि आपण दोघांच्या मध्ये उन्हात.

पेडणेवाला
जुना_खाणवाला काका, गोव्यात आणि महामार्गावर तुमचे धोरण चालेल. पण सावंतवाडी-आंबोली किंवा चोर्ला-जांबोटी अशा आडवाटेला एकाच कंपनीचा हट्ट धरला तर गाडी टेम्पोवर चढवून आणावी लागेल.

घाटवाट
डिचोलीकरांच्या मार्गाविषयी. चोर्ल्याची चढण अनेकांना धास्ती घालते, म्हणून हिशेब मांडतो. माणसांसह गाडीचे वजन १,७०० किलो आणि चढ ७०० मीटर धरला, तर केवळ उंची गाठण्यासाठी लागणारी ऊर्जा सुमारे सव्वातीन युनिट होते. ४५ युनिटच्या बॅटरीत हे सात टक्क्यांच्या थोडे वर जाते; मोटर आणि इन्व्हर्टरमधील तूट धरून नऊ टक्के समजा. सपाट रस्त्यावरचा नेहमीचा खर्च त्यात मिळवायचा. घाटात टक्के भराभर उतरताना दिसतात म्हणून भीती वाटते, पण घाट संपला की आकडा पुन्हा स्थिरावतो, आणि परतताना उतारावर त्यातील बराच भाग बॅटरीत परत येतो. मात्र परतीला घाटमाथ्याजवळ बॅटरी शंभर टक्के भरून निघू नये, कारण भरलेल्या बॅटरीत उतारावरची वीज मावत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

पणजीहून चोर्लामार्गे बेळगाव सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे घरून पूर्ण भरून निघाल्यास बेळगावपर्यंत मध्ये थांबण्याचे कारण नाही. बेळगावहून कोल्हापूरपर्यंत राष्ट्रीय महामार्ग ४८ आहे आणि त्यावर निवड करण्याइतके चालक आहेत. तेथे मी नेहमी दोन वेगळ्या चालकांचे चार्जर हेरून ठेवतो. एकाच चालकाची दोन स्टेशने पर्याय म्हणून धरणे व्यर्थ, कारण त्याचा सर्व्हर बसला की दोन्ही एकदम बसतात.

डिचोलीकर
सर्वांचे आभार. आणखी एक शंका. ६० किलोवॅट लिहिलेल्या चार्जरवर मला गाडीच्या पडद्यावर कधी २८, कधी ४६ असे आकडे दिसले. परक्या कंपनीची गाडी म्हणून चार्जर कमी देतो, असे माझ्या शेजाऱ्यांचे मत आहे.

वेर्णा_विद्युत
शेजाऱ्यांना सांगा की चार्जर जात-पात पाहत नाही. कारणे बहुधा तीन असतात. ६० किलोवॅटच्या यंत्राला दोन गन असतील आणि शेजारी दुसरी गाडी लागली असेल, तर प्रत्येकीच्या वाट्याला ३० येतात. आपले २८ त्यातलेच असावेत. दुसरे कारण करंटच्या मर्यादेचे. समजा, चार्जरची गन १५० अँपिअरपर्यंतच देऊ शकते आणि आपल्या बॅटरीचे व्होल्टेज ३२० आहे, तर गुणाकार ४८ किलोवॅट होतो. फलकावरचे ६० जास्त व्होल्टेजच्या गाडीलाच मिळणार. तिसरे कारण गाडी स्वतः. टिआगो ईव्हीसारखी लहान बॅटरीची गाडी १२० किलोवॅटच्या यंत्राला लावली म्हणून तिची भूक वाढत नाही, आणि ८० टक्क्यांनंतर तर कोणतीही गाडी मागणी झपाट्याने कमी करते. म्हणून मोठ्या चार्जरचा चढा दर द्यायचा की नाही, हे आपल्या गाडीची मर्यादा पाहून ठरवावे. एमजी कॉमेटला तर डीसीची सोयच नाही. ती गाडी भाड्याने घेणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावे.

गनकडेही नजर टाकून जावे. डिसेंबर २०१८ च्या सरकारी सूचनांत सार्वजनिक स्टेशनवर सीसीएस, चाडेमो, टाइप-२, भारत डीसी-००१ आणि भारत एसी-००१ असे पाचही प्रकार ठेवण्याची अट होती. ती ऑक्टोबर २०१९ मध्ये सैल झाली. त्या काळातील १५ किलोवॅटचे भारत डीसी-००१ चार्जर ॲपवर अजूनही 'डीसी' म्हणून दिसू शकतात, पण त्यांची गन आजच्या मोटारींना बसत नाही.

माशेलची_सून
दराचा उल्लेख निघालाच आहे, तर बिलाचाही हिशेब लिहिते. सार्वजनिक फास्ट चार्जिंगचा दर साधारणपणे युनिटला १५ ते २५ रुपये असतो, आणि ॲपवर दिसणाऱ्या आकड्यात १८ टक्के जीएसटी धरलेला आहे की नाही हे पाहावे लागते. ४५ युनिटची बॅटरी २० वरून ८० टक्क्यांवर नेली की २७ युनिट होतात. २० रुपयांनी ५४० आणि करासह ६३७. गाडीच्या पडद्यावरचे युनिट आणि बिलातील युनिट यांत थोडा फरक राहतो, कारण चार्जिंग चालू असताना बॅटरी थंड ठेवायला आणि आपण आत एसी लावून बसलो तर त्यालाही वीज लागते. तो फरक म्हणजे लबाडी नव्हे.

वेळेचाही विचार करावा. केंद्राच्या २०२४ च्या सूचनांनुसार सकाळी ९ ते दुपारी ४ या सौर तासांत स्टेशनला मिळणारी वीज सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट दराने आणि इतर वेळी १.३ पट दराने द्यायची आहे. हा लाभ चालक आपल्यापर्यंत पोचवतो की स्वतःच्या खिशात ठेवतो, हे ॲपमध्ये दुपारचा आणि रात्रीचा दर शेजारी ठेवून पाहिले की कळते.

जुना_खाणवाला
आणि एवढी ॲप्स झाली तरी कशाला? पेट्रोल भरायला कोणी ॲप मागत नाही.

घाटवाट
त्याचे मूळ एप्रिल २०१८ मध्ये आहे. गाडी चार्ज करून देणे म्हणजे विजेची विक्री नव्हे, ती सेवा आहे, असा खुलासा ऊर्जा मंत्रालयाने तेव्हा केला आणि परवान्याची गरज उरली नाही. त्यामुळे कोणीही स्टेशन काढू शकला. गोव्यात वीज पुरवते सरकारचे एकच वीज खाते, पण चार्जरमागे चालक अनेक. परवान्याची अट राहिली असती तर ॲप एक असते आणि चार्जरही बोटावर मोजण्याइतकेच. मला सध्याचा गोंधळ परवडतो. सर्व चालकांना जोडणारे एक ॲप केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह या इलेक्ट्रिक वाहनांच्या योजनेत करण्याचे घाटत आहे. ते हाती येईपर्यंत वॉलेटांचा हा संसार चालवावा लागणार.

माशेलची_सून
चवथीच्या दिवसांविषयीही एक विनंती. त्या काळात मुंबई-पुण्याकडून येणाऱ्या गाड्यांमुळे राष्ट्रीय महामार्ग ६६ वरील चार्जरांपुढे रांगा लागतात. ८० टक्के झाले की गाडी काढावी. उरलेल्या २० टक्क्यांना जवळजवळ तेवढाच वेळ लागू शकतो, आणि मागे लहान मुले घेऊन ताटकळणारे कुटुंब असते. गाडी लावून जेवायला जाणाऱ्यांनी निदान आपला फोन क्रमांक काचेवर ठेवावा.

पेडणेवाला
पावसाळ्याचा विषय राहिला. गेल्या पावसात समुद्राकाठच्या एका चार्जरवर माझ्या ग्राहकाची गाडी वारंवार 'आयसोलेशन फॉल्ट' (इन्सुलेशनमध्ये दोष) दाखवत होती. मदतकेंद्राने गाडीत दोष आहे असे सांगून हात वर केले; तीच गाडी पर्वरीला दुसऱ्या चार्जरवर निमूटपणे चार्ज झाली.

वेर्णा_विद्युत
ते अपेक्षितच आहे. प्रवाह सोडण्यापूर्वी चार्जर इन्सुलेशन तपासतो असे मी वर लिहिले. गनच्या पिनांत पाणी साचले असेल किंवा खाऱ्या हवेने आत ओलसर थर बसला असेल, तर तो तपासात नापास करतो, आणि ते योग्यच आहे. गन खोबणीतून काढल्यावर तोंड खाली करून पाणी निथळू द्यावे. भोकांत फडके, काडी काहीही घालू नये. गाडीच्या बाजूचे झाकण उघडल्यावर वरून छत्री धरावी. एमजी झेडएस किंवा क्रेटा इलेक्ट्रिकसारख्या गाड्यांचे सॉकेट नाकावर असते. तेथे पाऊस सरळ आत येतो, म्हणून छपराखाली नाक घालूनच गाडी लावावी.

बाकी सुरू न होणाऱ्या चार्जरवर प्रथम आणीबाणीत यंत्र थांबवण्याचे लाल बटण पाहावे. कोणी तरी ते दाबून गेलेले असते आणि यंत्र मुकाट उभे असते; बाणाच्या दिशेने फिरवले की ते बाहेर येते. त्यानंतरही गाडी आणि चार्जर यांचे बोलणे जुळत नसेल तर कारण बहुधा केबलचे वजन असते. जड केबल गनला खाली ओढते आणि पिना तिरप्या टेकतात. गाडीचे कुलूप लागेपर्यंत गनच्या पोटाखाली हात देऊन ती वर उचलून धरावी.

डिचोलीकर
आणि चार्जिंग संपल्यावर गनच सुटली नाही तर? परक्या चार्जरवर तसे झाले तर कोणाला बोलवायचे?

वेर्णा_विद्युत
सीसीएस-२ मध्ये गनला स्वतःची कडी नसते. गाडीतील खिळा तिला धरून ठेवतो. म्हणून गन अडकली तर चार्जरवाल्याला फोन करण्याआधी ॲपमधून सेशन खरोखर बंद झाले आहे का ते पाहावे, गाडी एकदा लॉक करून पुन्हा अनलॉक करावी, आणि गन किंचित आत ढकलून मग ओढावी. तेवढ्यानेही न सुटल्यास अनेक गाड्यांत सॉकेटच्या मागे, म्हणजे डिकीत किंवा बॉनेटखाली, खिळा हाताने सोडवण्याची दोरी दिलेली असते. ती आपल्या गाडीत कोठे आहे हे मॅन्युअलमध्ये पाहून घरी, उजेडात, एकदा ओढून बघा.